येतो म्हणणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घरात माझं नाव डबा. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या कपाटात असतो. माझ्या एका अंगाला व्हॅक्यूम क्लीनर आहे, दुसऱ्या अंगाला कांद्याबटाट्याची जाळी, आणि डोक्यावर पायऱ्या. इथल्या डच घरांचे जिने फार उभे. घरच्या मालकीणबाई, शामलाताई, म्हणतात, "हा जिना नव्हे, शिडीला गालिचा चिकटवलाय." त्यावरून कोणी वर गेलं की माझ्या पत्र्याला हादरे बसतात, आणि घरात कोण आहे ते मला कळतं.

माझी वायर काढून ठेवलेली आहे. तरी मी बोलतोय याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. त्यातून माझ्या पोटात एक आवाज आहे, आणि तो माझा नाही. तो शामलाताईंच्या यजमानांचा, मोहनरावांचा आहे. मोहनराव जाऊन तीन वर्षं झाली. आवाज मात्र अजून माझ्याकडेच आहे. हे असं कसं झालं, ते पहिल्यापासून सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात सबंध असा जन्मलो नाही. युट्रेख्ट शहरात संगणकाच्या सुट्या भागांची मोठी जत्रा भरायची. तिथून मोहनरावांनी मला तुकड्यातुकड्यांनी घरी आणलं. पेटी एकाकडून, पंखा दुसऱ्याकडून, आणि स्पीकरची जोडी अशी, की एक काळा आणि एक पांढरा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोहनराव आणि त्यांचे टिलबर्गचे मित्र शैलेंद्र यांनी मला जोडलं. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा दोघे टेबलापासून चार पावलं मागे सरकले होते. मी पेटेन असं त्यांना वाटलं असावं. मी पेटलो नाही. गुरगुरलो आणि पडद्यावर उजेड आला.

शामलाताईंना माझी भीती वाटायची. सकाळी त्या एका शिंप्याच्या दुकानात पडद्यांच्या कडा शिवायला जात. ते कामही त्यांचं त्याच शिकल्या होत्या. शिवणयंत्र हाताळणारी बाई मला घाबरते, याचं मोहनरावांना हसू येई. एका रविवारी त्यांनी ताईंना खुर्चीवर बसवलं.

"सुरू केलंस ना? झालं. आता बंद कर."

"कसं?"

"खाली डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' आहे. तिथे जा."

"अहो, मी बंद करायचं विचारतेय."

"तेच सांगतोय. बंद करायला स्टार्ट."

ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "हे कुठल्या शहाण्याचं डोकं?"

"कुणातरी पुणेकराचं असणार," मोहनराव म्हणाले. "आपण नाही का, घरातून जाताना 'येतो' म्हणत? तसंच हे."

ताई हसल्या आणि त्यांची भीती गेली. मोहनरावांना मात्र स्वतःचाच विनोद इतका आवडला, की त्यांनी जत्रेतला स्वस्त मायक्रोफोन मला जोडला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरंय, येतो." नेमकी त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सुरू झाली. ध्वनिमुद्रण तिथेच थांबलं, म्हणून माझ्याकडे शिट्टीही अर्धीच आहे.

"पुन्हा म्हणू का? शिट्टी आली मध्ये."

"राहू द्या. वरण लागेल," म्हणून ताई उठल्या.

तेव्हापासून मला रीतसर बंद केलं की मी मोहनरावांच्या आवाजात म्हणायचो, "बरंय, येतो," मागे अर्धी शिट्टी वाजायची, आणि पडदा काळा व्हायचा. इतर संगणक बंद होताना कसलीशी धून वाजवतात. मी माणसासारखा निरोप घेऊन जायचो. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

दिवस कामाचे होते. ऋता, त्यांची मुलगी, माझ्यावर चित्रं रंगवायची, पुढे शाळेचे निबंध लिहायला लागली. ती तीन वर्षांची असताना हे लोक इथे आले. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती डचमध्ये द्यायची, नाहीतर इंग्रजीत. त्यामुळे घरातले लोक बाहेर पडताना एकमेकांना इथल्या रीतीने 'दोई' म्हणत. मोहनरावांनाही तो शब्द आवडायचा. सायकलवर टांग टाकता टाकता ते लांबून 'दोऽई' करत. 'येतो' हा शब्द घरात उरला तो पाहुण्यांच्या तोंडी, आणि माझ्या.

खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. शिवणयंत्राच्या शेजारी मला बसवून ताई कुंकू लावत, शेवंतीचं फूल वाहत. एका वर्षी अक्षतेचा एक दाणा फ्लॉपीच्या फटीतून आत गेला. तो अजून आहे. मला हलवलं की वाजतो.

मग एका शरद ऋतूत मोहनराव सकाळी 'दोई' म्हणून निघाले आणि स्टेशनाच्या सायकलतळावर सायकलीला कुलूप लावता लावता खाली बसले. पुन्हा उठले नाहीत. हृदय बंद पडलं होतं. रीतसर नव्हे, एकदम.

घरात माणसं जमली. टिलबर्गहून शैलेंद्र आले, इतरही मराठी मंडळी आली. तुम्हाला आपली रीत माहीत असेलच. दुखवट्याच्या घरून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. उठायचं, मान हलवायची आणि गुपचूप चपला घालायच्या. इथे चपलांऐवजी बूट होते, एवढाच फरक. एकेक जण असा न बोलता निघत होता. ऋता जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून हे पाहत होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

शैलेंद्र माझ्यावर पुण्याच्या नातेवाइकांना ई-मेल पाठवत होते. काम झालं, त्यांनी डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' दाबलं आणि मला बंद केलं. मला रीतभात कुठून कळणार? काळा स्पीकर आणि पांढरा स्पीकर, दोघांतून मी मोठ्याने म्हणालो, "बरंय, येतो."

एका बाईंच्या हातातली कपबशी वाजली.  शैलेंद्रांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले, जणू माझं तोंड तिथे होतं आणि ते त्यांना दाबायचं होतं. शामलाताई मात्र माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, की माझा पंखा थांबला तरी मला ऊब वाटत होती. आणि जिन्यावरून ऋता उठून वर गेली. तिची पावलं मी मोजली नाहीत, पण ती धावत गेली एवढं कळलं.

त्यानंतर घरात मला दोन तऱ्हांनी बंद करणारी दोन माणसं झाली.

शामलाताई दुपारी कामावरून आल्या की कोट न काढता मला सुरू करत. काही वाचत नसत. मी पुरता जागा झालो की डाव्या कोपऱ्यात जाऊन बंद करत. "बरंय, येतो." अर्धी शिट्टी. मग त्या उठत आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात, आणि तिथे थांबत. शिट्टी ऐकून गॅस बारीक करायला निघालेली बाई असते ना, तशा. गॅसवर काहीही नसायचं.

ऋता मला 'स्टार्ट'ने कधीच बंद करेना. काम झालं की ती माझ्या कपाळावरच्या बटणावर बोट ठेवून, मी निपचित होईपर्यंत दाबून धरायची. असं केलं की मी मुकाट्याने जातो. दुसऱ्या दिवशी उठल्यावर मी निळ्या पडद्यावर तक्रार करायचो, की काल मला नीट बंद केलं नव्हतं.

"अगं, गळा दाबल्यासारखं काय करतेस त्याला?" ताई म्हणायच्या. "रीतसर बंद कर."

"सेम थिंग, आई."

"सेम कसं? त्याला बोलू तर दे."

ऋता जिना चढून वर जायची. ताईंना वाटायचं, हिला बापाचा आवाज नको झालाय. मलाही तसंच वाटायचं. आम्ही दोघेही चुकलो होतो, पण ते पुढे कळलं.

अशी वर्षं गेली. माझं अंगही थकलं. पंखा कुरकुरायला लागला, नवीन पानं उघडेनात. ऋताला मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. मास्ट्रिख्ट म्हणजे देशाचं पार दक्षिणेचं टोक. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने सुपरमार्केटात माल लावायचं काम केलं आणि आईसाठी एक नवा संगणक आणला. पांढराशुभ्र, सडपातळ, पाठीवर सफरचंद. त्याला पेटीच नव्हती. सगळं काही पडद्यातच, आणि वर कपाळाला कॅमेरा.

"मी तिकडून तुला दिसेन. आणि तू मला," ऋता म्हणाली.

"मला काय बघायचंय? मी आहे तशीच आहे," ताई म्हणाल्या, पण केसांवरून हात फिरवला.

सवय म्हणजे काय असते ते मी टेबलाखालून पाहिलं. नव्याला 'स्टार्ट' नव्हतंच. ताईंचा हात पुन्हा पुन्हा खाली डावीकडे जायचा, आणि तिथे काही नसायचं. खिडकी बंद करायची फुली मी उजवीकडे ठेवायचो. याची बंद करायची गोळी डावीकडे. उंदराला, म्हणजे माउसला, बटण एकच दिसत होतं. "डाव्या हाताने वाढल्यासारखं वाटतंय," ताई म्हणाल्या.

"दोन आठवडे त्रास होईल. मग हात शिकतो," ऋता म्हणाली. "आणि डबा शनिवारी जाईल. शैलूकाका येतायत गाडी घेऊन."

नगरपालिकेचं एक आवार आहे, तिथे जुनी यंत्रं नेऊन द्यायची असतात. फ्रिज एकीकडे, टीव्ही एकीकडे, आमच्यासारखे एकीकडे. मला तिथे जायची भीती नव्हती. माझ्या पोटातल्या माणसाचं काय, हा प्रश्न होता. तो फ्रिजही नव्हता आणि टीव्हीही नव्हता.

शनिवारी शैलेंद्र आले. मला पुन्हा टेबलावर घेऊन, चहा घेत घेत त्यांनी माझ्यातले फोटो, पत्रं सगळं सीड्यांवर उतरवलं आणि नव्याच्या पोटात घातलं. ताई त्यांच्यामागे उभ्या होत्या. हातात फडकं होतं, पण पुसत काही नव्हत्या.

"भाऊजी, आणि यांचा आवाज?"

शैलेंद्रांना लगेच कळलं. त्या दिवशीपासून ते विसरले नव्हते. "तीही फाइल आहे, वहिनी. देतो ना. नव्यावर दोनदा टिचकी मारली की वाजेल."

"बंद करताना वाजेल ना?"

शैलेंद्रांनी नव्याची सगळी कवाडं उघडून पाहिली. मग चष्मा काढून पुसला. "नाही हो. बंद करताना आवाज लावायची सोयच नाही यात. टिचकीच मारावी लागेल."

"म्हणजे मी टिचकी मारायची आणि त्यांनी बोलायचं?" ताई म्हणाल्या. "पोपट आहेत का ते?" फडकं त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं. "हा डबा कुठे जाणार नाही. इथेच राहील."

"नाही, आई," ऋता म्हणाली.

"काय नाही?"

"मी इथे नसताना हा इथे नको."

"तुला त्रास काय त्याचा? तुला तर बापाचा आवाजसुद्धा नको असतो. बटण दाबून मारतेस."

 ऋता जे म्हणाली, ते आधी डचमध्ये म्हणाली: "हाय कोम्त नीत." मग बहुधा आईला पुरतं पोचावं म्हणून तिने ते मराठीत म्हटलं. तिच्या तोंडून इतकं लांब मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. "तो येणार नाहीये, आई. तो रोज म्हणतो येतो, येतो. आणि तू रोज दारात जाऊन उभी राहतेस. मी वरून बघते. तू वाट बघतेस. मी गेल्यावर तू एकटी, आणि हा रोज तुला सांगणार की मी येतो."



"शैलूकाका येतो म्हणतो, आणि येतो," ऋता पुढे म्हणाली. आता तिची मराठी तुटत होती, मध्ये इंग्रजी येत होतं. "सगळे जे म्हणतात येतो, दे कम बॅक. त्या दिवशी कोणीच नाही म्हणालं. सगळे असेच गेले. फक्त बाबा म्हणाला. मला माहीत होतं हे स्टुपिड आहे. आय न्यू. पण मी ऐकत बसायचे, दाराला चावी लागते का."

शैलेंद्र चहाच्या कपात पाहत होते. आणि मी, मित्रांनो, मी इतकी वर्षं अभिमानाने जे बोलत होतो, ते ही पोर वर पायरीवर बसून कसं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला रोज दुपारी एक भूत पाठवत होतो. तेही येईन म्हणून सांगणारं.

शामलाताई खुर्चीवर बसल्या. "मी वाट नव्हते बघत गं," त्या म्हणाल्या. "मला गॅस बारीक करायचा असायचा."

"व्हॉट?"

"शिट्टी येते ना मागे. पाय आपोआप उठतात. दारात गेल्यावर आठवतं, कुकर लावलेलाच नाही." त्या थोडं हसल्या, मग हसू गिळलं. "आणि 'येतो' म्हणजे येतो नव्हे, ऋता. 'येतो' म्हणजे जातो."

"दॅट मेक्स नो सेन्स."

"नाहीच करत. 'जातो' हा शब्द आपण उंबऱ्यावर काढत नाही. कोण कायमचा जाईल काय सांगावं? म्हणून जायचं असलं तरी 'येतो' म्हणायचं. बंद करायचं असलं तरी 'स्टार्ट' दाबायचं, तसं. त्यावरूनच तर सुचलं होतं तुझ्या बाबाला." आणि ताईंनी तिला त्या रविवारची सगळी हकिगत सांगितली, पुणेकर, मायक्रोफोन, लागलेलं वरण. हो, वरण त्या दिवशी लागलंच होतं. मला माहीत नव्हतं.

ऋता माझ्या पडद्याकडे वळली. "म्हणजे तो फक्त 'दोई' म्हणतोय?"

"दोईच."

"रोज?"

"रोज. आणि मी त्याला एकदाही उत्तर दिलं नाही."

"काय उत्तर असतं?"

"'या' म्हणायचं. लहान असेल तर 'ये'."

"पण तू 'ये' म्हटलंस तर मग तो..."

"नाही येत," ताई म्हणाल्या. "पण म्हणायचं."

ऋताने खुर्ची ओढली. उंदीर हातात घेतला. बाण खाली डाव्या कोपऱ्याकडे नेला.  तिने 'स्टार्ट' दाबलं आणि मला रीतसर बंद केलं. माझं असं काही चालत असतं, तर त्या वेळी मी गप्प बसलो असतो. पण मला सांगितलं तेवढंच येतं.

"बरंय, येतो."

अर्धी शिट्टी.

"या," शामलाताई म्हणाल्या.

"ये, बाबा," ऋता म्हणाली. आवाज इतका बारीक, की तो काळ्या पडद्याला तेवढा ऐकू आला असेल.

शैलेंद्रांनी मला उचललं, तसा आत अक्षतेचा दाणा वाजला. "वहिनी, आत काहीतरी सुटलंय याच्या."

"खंडेनवमीचा तांदूळ आहे तो. पुजलेलं हत्यार भंगारात टाकतात का? त्या जिन्याखाली ठेवा."

ताईंनी ऋताकडे पाहिलं. ऋताने होकाराची मान डोलावली. अशा रीतीने मी इथे आलो, बटाट्यांच्या शेजारी. आवाजाची सीडी ताईंच्या शिवणाच्या पेटीत, मोजमापाच्या टेपखाली आहे. त्यांनी ती नव्यावर अजून वाजवलेली नाही.

ऋता गेली त्या दिवशी मी कपाटाच्या दाराच्या या बाजूला होतो. तिने 'दोई' म्हटलं, सायकलीची चावी विसरली म्हणून परत आली, आणि दुसऱ्यांदा निघताना म्हणाली, "आई, येते." ताईंनी "ये" म्हटलं आणि दार लावून घेतलं. खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. सरळ मागे गेल्या आणि कणीक मळायला घेतली. परातीचा आवाज झाला. तो मला भिंतीतून ओळखता येतो.

आता ताईंचा हात शिकलाय, असं त्या लेकीला सांगताना मी ऐकलं. बाण न चुकता वर सफरचंदाकडे जातो. संध्याकाळी लेक पडद्यात दिसते, ताई तिला काय जेवलीस विचारतात, लेक पाव म्हणते, ताई कपाळावर हात मारतात, तो इथवर ऐकू येतो. मग त्या नव्याला बंद करतात, आणि तो एक शब्द न काढता मिटतो. त्याचा दोष नाही. त्याला कोणी शिकवलेलं नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी म्हातारं यंत्र असेल आणि त्याच्या जागी नवं येणार असेल, तर खुशाल आणा. पण जुन्याचा गळा दाबू नका. त्याला रीतसर बंद करा, त्याच्या पोटात कोण राहतंय ते आधी विचारा, आणि त्याचं बोलणं पोरांना उलगडून सांगा. न उलगडलेला शब्द घरात भुतासारखा फिरतो. हे मी अनुभवाने सांगतो, कारण तो फिरवणारा मीच होतो.

एवढं सांगून थांबणार होतो. पण एक गोष्ट राहिली.

परवा संध्याकाळी ताईंनी नव्याला मिटवलं. घर शांत झालं. आणि त्या शांततेत मी मोहनरावांचा आवाज ऐकला: बरंय, येतो. मागे शिट्टी. या खेपेला अर्धी नव्हे, पुरी. लांबलचक, खाली उतरत उतरत विरून जाणारी.

खुर्ची सरकली. "या," असं ताई म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात, आणि गॅस बारीक करायला गेल्या. त्यांनी खरंच कुकर लावला होता का, ते मला इथून कळायला मार्ग नाही. पण तो बोलणारा मी नव्हतो, आणि सीडीतही शिट्टी अर्धीच आहे. माझी वायर तर इथे माझ्याच डोक्यावर गुंडाळून ठेवली आहे.